सकाळपासून सांगा

उमरीकर मास्तरांना रस्त्यात "कसं काय, मास्तर?" असं विचारायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. इतर माणसं "ठीक" म्हणतात आणि पुढे जातात. मास्तर थांबायचे, छत्री काखेत घ्यायचे आणि सकाळी उठल्यापासून सांगायला लागायचे. चहात दूध कमी पडलं, मग धाकटीनं पाटी फोडली, मग शेरवानीचं बटण सापडेना, असं करत करत ते विचारणाऱ्याच्या समोर येऊन पोचायचे आणि म्हणायचे, "अन् आता तुम्ही भेटलात. बरं हाय." तोवर ऐकणारा ज्या कामाला निघाला होता ते काम विसरलेला असायचा. मी त्यांच्या शेजारचीच, त्यामुळे माझी तर रोजची शिक्षा ठरलेली.

ही निजामाच्या राज्याची अगदी शेवटची वर्षं. नांदेडला मी मुलींच्या सरकारी शाळेत शिकवत होते आणि मास्तर शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत. सगळा कारभार उर्दूतून. त्यांचा विषय नफ्सियात, म्हणजे मनाचं शास्त्र. हैदराबादेहून ते शिकून आले होते. मराठीत त्याला काय म्हणायचं हे आमच्यात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या आईला कुणी विचारलं की ती म्हणायची, "डोस्क्याचं काहीतरी हाय बाई, आमाला काय कळतंय." विहिरीवरच्या बायका त्यांना सरळ विचारायच्या, "मास्तर, भुतं उतरवता म्हने तुम्ही?" मास्तर चिडायचे नाहीत. "हाव. पण ज्याचं त्यानंच उतरवायचं. म्या नुसता शेजारी बसतो."

उंच, किडकिडीत, वाकलेला माणूस. शेरवानी अंगाला आखूड, धोतर मात्र पायघोळ. विनोद केलेला त्यांना कळायचा नाही आणि समजावून सांगितला की गंभीरपणे "अच्छा" म्हणायचे. मला त्यांची सगळ्यात खटकायची गोष्ट म्हणजे ते कुणाचं सांत्वन करत नसत. कुणाच्या घरी मयत झाली तर आम्ही सगळे जाऊन "जे झालं ते झालं, मन घट्ट करा" असं बोलून यायचो. मास्तर जायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि कुणी बोललंच तर म्हणायचे, "मग? पुढं काय झालं?" मला तो चक्क निर्दयपणा वाटायचा आणि मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं होतं.

त्यांच्या विद्येचा पहिला नमुना मी पाहिला तो त्यांच्या शाळेच्या वसतिगृहात. हवा बिघडत चालली होती. बाहेर जे चाललं होतं ते आतही शिरलं आणि एके दिवशी दोन उमेदवार शिक्षक, एक हिंदू आणि एक मुसलमान, दोघेही बाप्ये, जेवणाच्या पंगतीत एकमेकांच्या अंगावर धावून गेले. एकाचं डोकं फुटलं. हेडमास्तर दोघांना काढून टाकायला निघाले होते. उमरीकर मास्तर म्हणाले, काढू नका, माझ्या ताब्यात द्या. त्यांनी एक बांबू आणला, त्याला मोठी घागर अडकवली आणि एक टोक ह्याच्या खांद्यावर, दुसरं त्याच्या. गोदावरीवरून साऱ्या वसतिगृहाचं पिण्याचं पाणी दोघांनी आणायचं. सुरुवातीला निम्मं पाणी रस्त्यातच सांडायचं, कारण दोघं दोन चालींनी चालायचे. मग सारं वसतिगृह तहानलेलं राहिलं की दोघांनाही बोलणी बसायची. काही दिवसांनी घागर भरलेली येऊ लागली. मी मास्तरांना म्हटलं, "झाली वाटतं दोस्ती." ते म्हणाले, "दोस्ती कशाची, बाई. दोघं मिळून मला शिव्या देऊन राहिले. एवढ्यावर भागतं आपलं."

पुढच्या वर्षी मात्र घागरीनं भागण्यासारखं काही उरलं नाही. राज्य टिकवायला निघालेल्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. घरं जळाली, माणसं मारली गेली, बायकांचं काय झालं ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. ज्यांना सरहद्द ओलांडता आली ती पलीकडे गेली. ज्यांना नाही आली ती शहराच्या आसऱ्याला आली. मुखेडकडची बरीच कुटुंबं स्टेशनामागच्या एका बंद जिनिंगच्या शेडात उतरली होती. गावातले लोक त्यांना ज्वारी, कपडे, घोंगड्या नेऊन देत. मास्तर एका दुपारी आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, माझ्याबरोबर चला. बायका माझ्याशी एकट्याशी बोलणार न्हाईत. तुम्ही काही करू नका. नुसतं बसा."

मी बसले. त्यानंतर शाळा सुटली की जवळजवळ रोज बसले. मास्तरांची रीत अशी होती की बोलायला बसणाऱ्या माणसाच्या हाताला आधी काम द्यायचं. बायकांच्या पुढ्यात सूप आणि निवडायची ज्वारी. पुरुषांच्या पुढ्यात अंबाडीचा वाख, त्याचा दोर वळायचा. स्वतः मास्तर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायचे. समोरासमोर कधी नाही, नेहमी बाजूला. मग म्हणायचे, "त्या दिवशी सकाळपासून सांगा. उठलात कवा? चूल कुणी पेटवली?"

माणसं चुलीपासून सुरू करायची. भाकरी किती थापल्या, बैल कुणी सोडले, पोरानं काय हट्ट धरला. मास्तर एकेक पायरी विचारत न्यायचे. मग ती जागा यायची आणि माणूस तिथं थांबायचा. कुणी रडायचं, कुणी हातातलं काम खाली टाकायचं. आपण अशा वेळी म्हणतो, राहू द्या, नका बोलू. मास्तर म्हणायचे, "पुढं?" एका म्हाताऱ्यानं चिडून हातातलं दोराचं भेंडोळं त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. मास्तरांनी ते उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवला. "पुढं, आजोबा? आग लागली. मग कुठल्या वाटेनं गेलात?" आणि म्हातारा पुटपुटत ओढ्यानं, मग शिवारानं, मग बैलगाडीनं नांदेडात आला. शेडाच्या दारात आला. आज सकाळी खाल्लेल्या कण्यांपर्यंत आला. तेव्हा कुठं मास्तर उठले.

परत येताना मी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. माणसांच्या जखमा उकरायचा हा काय धंदा, असं काहीतरी बोलले. त्यांनी छत्री ह्या काखेतून त्या काखेत घेतली. मग म्हणाले, "बाई, ही माणसं इथं आली असं तुम्हाला वाटतं. ती आलीच न्हाईत. त्यांचा तो दिवस अजून संपलाच न्हाई. रोज तितंच जाऊन थांबून राहिले. त्यांना हाताला धरून त्या दिवसाची संध्याकाळ दाखवायची, एवढंच काम हाय." म्हाताऱ्याला त्यानंतर झोप लागायला लागली हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यापुढे मी तोंड बंद ठेवलं.

आणखी एक त्यांचा नियम होता. सांगणाऱ्याच्या घरचं एक तरी माणूस ऐकायला हवं. घरच्यांना ठाऊक नसलेलं दुःख माणूस चोरून वागवतो, असं ते म्हणायचे. नियम चांगलाच होता. पुढं जे झालं ते ह्याच नियमातून झालं.

मुक्ता ही मुखेडकडच्या एका गावची. नवरा नामदेव अशाच एका टोळीनं घरातच मारला होता. कडेवर लहानगी मुलगी आणि सोबत दीर केरबा, एवढं तिचं घर उरलं होतं. टोळी आली तेव्हा केरबा बाजाराला गेलेला. तो शेडातल्या सगळ्यांत शांत माणूस. त्याच्याइतका सारखा, पिळदार दोर कुणी वळत नसे. मुक्ता मात्र बोलायचीच नाही. दाराकडे तोंड करून बसायची आणि मुलीला नजरेआड होऊ द्यायची नाही. मास्तर तिला "मुक्ताबाई" म्हणत, अहो-जाहो करत. गावाकडच्या एवढ्याशा पोरीला कुणी अहो म्हटलेलं त्या शेडात पहिल्यांदाच ऐकलं असेल. पुष्कळ दिवस ती नुसती ज्वारी निवडत राहिली. मग एका दुपारी आपण होऊन म्हणाली, "त्या दिशी म्या लवकर उठले व्हते."

मास्तरांनी केरबाला खुणेनं जवळ बसवलं. मुक्ता सांगत गेली. भाकरी झाल्या. मालक जेवायला बसले. गलका ऐकू आला. मालकांनी दाराला आतून कडी घातली. "बाहीर लालमामू व्हता. त्यो म्होरं अन् ते बंदुकावाले मागं. त्यानंच आमचं घर दावलं. त्यानंच हाक मारली." लालमामू म्हणजे त्यांच्या गावचा पिंजारी, गाद्या भरून देणारा, नामदेवाच्या बापाच्या वयाचा. "मंग म्या परसात व्हते. दार फोडल्याचा आवाज आला. म्या लेकराला घेऊन ज्वारीत शिरले. म्या पळाले मास्तर. त्यांना टाकून पळाले." आणि ती अशी रडू लागली की सूप उलटलं.

त्या दिवशी मास्तरांनी तिला घाईनं पुढं नेलं. ज्वारीतून रानात, रानातून गाडीरस्त्याला, रस्त्यानं नांदेडला. ती पोचली. रात्री झोपली म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारणीनं कौतुकानं सांगितलं. केरबानं सगळं ऐकलं होतं. त्याचा हात एकदाही थांबला नव्हता. तो दोर त्यानं पुरा केला, टोकाला गाठ मारली आणि त्याच आठवड्यात तो शेडातून निघून गेला. कुणाला सांगितलं नाही. सरहद्दीपलीकडे जाऊन लढणाऱ्या पोरांत सामील झाला असेल, असं आम्ही धरून चाललो.

नंतर मुक्तानं दुसऱ्यांदा सांगितलं. मास्तर तसं करायला लावायचे, एकदा सांगून भागत नाही म्हणायचे. त्या खेपेला ती शांत होती आणि मास्तरही हळू चालले होते. ती म्हणाली, मंग म्या परसात व्हते. मास्तर शेंग सोलता सोलता म्हणाले, "परसात कशाला गेल्ता, मुक्ताबाई? मालक जेवून राहिले होते. दाराला कडी होती."

मुक्ताचे हात सुपात तसेच राहिले. "लालमामू म्हनला... म्हस सुटली बघ तुझी. मुक्ते, म्हस सुटली, परसात बघ जा, असं म्हनला. मोठ्यांदा."

"मग?"

"मंग म्या लेकराला कडंवर घेतलं अन् गेले." ती मास्तरांकडे बघत राहिली. "पर मास्तर, आमच्या घरी म्हसच नव्हती."

शेडात त्या वेळी पोरं खेळत होती, कुणी तरी पाणी भरत होतं, सगळं चालूच होतं. मुक्ता हळूहळू म्हणाली, "त्यानं मला बाहीर काढलं." मग रडली, पण हे रडणं वेगळं होतं. टाकून पळाले, हे जे तिच्या छातीवर बसलं होतं ते त्या दिवशी उठलं. पाठीला बंदूक लागलेल्या म्हाताऱ्याला जेवढं सुचलं तेवढं त्यानं केलं होतं. मला इतका आनंद झाला की मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "बाई, केरबानं अर्धंच ऐकलं."

एकच प्रश्न. एरवी चुलीत लाकडं कुठली घातली हेसुद्धा विचारणारा हा माणूस, त्या दिवशी बाई रडते म्हणून एक पायरी गाळून गेला होता. जन्मात एकदा त्यांनी कुणाचं सांत्वन करायची घाई केली ती तेवढीच.

त्यानंतर मास्तरांचं एकच काम झालं, केरबाला गाठायचं. सरहद्दीकडून येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत. निरोप पाठवत. म्हशीची गोष्ट त्यांनी कितीतरी लोकांना सांगून ठेवली, की केरबा भेटला तर त्याला एवढं सांगा. रस्ते बंद होते, नाक्यांवर तपासण्या होत्या, माणूस शोधायचा तर कुठे. मग राज्य पडलं. हिंदुस्थानचं लष्कर आलं, नांदेडात लोक नाचले, पेढे वाटले गेले. मास्तर मात्र दाराशी उभे राहून म्हणाले, "आता तो गावाकडं जाईल. आता त्याला अडवणारं कोण हाय?" कालपर्यंत जे घाबरत होते त्यांच्या हातात आता हत्यारं आली होती आणि कालचे शेजारी आता दारं लावून बसले होते. मिळेल त्या गाडीनं मास्तर मुक्ताला घेऊन निघाले. काही वाट चालावी लागली. मुलगी माझ्याजवळ राहिली, म्हणून मी गेले नाही. मुक्तानं परत आल्यावर सांगितलं ते मला अजून तिच्याच आवाजात ऐकू येतं.

लालमामूच्या घरापुढं कापूस सांडला होता आणि ओट्यावर केरबा बसला होता. आदल्या दिवशी लालमामूला मारल्यापासून तसाच बसला होता. गावातलं कुणी त्याच्याजवळ जात नव्हतं. मुक्ता त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, आपल्या घरी म्हस व्हती का?" केरबाला काही समजेना. मग तिनं सकाळपासून सगळं सांगितलं. ह्या खेपेला मास्तरांना एकदाही मध्ये बोलावं लागलं नाही. तिचं संपल्यावर केरबा उठला आणि आपल्या पायांनी चालत ठाण्यावर गेला. त्या गडबडीच्या दिवसांत त्याला कुणी हात लावला नसता. ठाणेदारानं म्हणे त्याला दोनदा परत जायला सांगितलं होतं.

त्याला जन्मठेप झाली. मुक्ता गावी गेली, शेत कसू लागली. मास्तरांनी नफ्सियात सोडली. लातूरच्या एका शाळेत गणित शिकवायला बदली मागून घेतली. एवढा शिकलेला माणूस पोरांना त्रैराशिक शिकवणार म्हणून मी खूप बोलले. ते ऐकून घेत राहिले. सुट्टी लागली की तुरुंगात केरबाला भेटायला जायचे, हे मला ठाऊक होतं. लातूरच का, हे मात्र तिथं जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

कित्येक वर्षांनी भाचीच्या लग्नाला मी लातूरला गेले होते. मास्तरांचं घर शोधत गेले. ते निघायच्या तयारीत होते. केस पांढरे झालेले, पाठ आणखी वाकलेली. मला पाहून हसले नाहीत, म्हणाले, "बरं झालं आलात. चला माझ्याबरोबर. नुसतं बसा." चालता चालता त्यांनी सांगितलं. लालमामूची बायको चांदबी लातूरला लेकीकडे राहते, गोधड्या शिवते. मास्तर इथं आल्यापासून तिच्याकडे जातात. ती त्यांना एकच विचारते, माझा माणूस गेला तेव्हा काय बोलला. ते फक्त केरबाला ठाऊक होतं आणि केरबानं ते फक्त मास्तरांना सांगितलं होतं, कुणाला सांगणार नाही ह्या वचनावर.

"मुक्ताबाईचं बोलणं म्या नको तिथं ऐकू दिलं होतं, बाई. आता ह्याचं कसं नेऊ? म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलो. ती विचारायची, म्या मान खाली घालायचो." ते थांबले. "ह्या सुट्टीत केरबा म्हणला, सांगा तिला."

चांदबी अंगणात गोधडीला टाके घालत बसली होती. लहानशी, सुरकुतलेली बाई. "या मास्तर," म्हणाली आणि माझ्यासाठी पोतं अंथरलं. मास्तर तिच्या समोर जमिनीवर बसले. समोर बसलेले मी त्यांना प्रथमच पाहिलं. त्यांना सुरुवात करता येईना. छत्री इकडची तिकडे ठेवली. मला त्यांचा फार कळवळा आला. चांदबीनंच टाका थांबवला आणि म्हणाली, "आज सांगनार दिसता."

"हाव," मास्तर म्हणाले. "मामू कापूस पिंजून राहिले होते. केरबा दारात आला. कुऱ्हाड त्यानं मागं धरली होती, ती मामूंना दिसली न्हाई. त्यांनी वर बघितलं. त्यांना आनंद झाला, असं केरबा म्हणतो. म्हणले, आलास का केरबा. मुक्ता पोचली का रे?"

चांदबीनं गोधडी मांडीवरून खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "अन् त्यो काय म्हनला?"

"काई न्हाई."

"पर मुक्ता तर पोचली व्हती नं? लेकराला घिऊन?"

"हाव. नांदेडला पोचली होती."

"मंग तेवढं तर सांगायचं व्हतं त्यानं," चांदबी म्हणाली. "पोचली म्हनायचं. मंग काय करायचं ते केलं असतं."

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चांदबीनं गोधडीचं टोक ओढून घेतलं आणि ती सुईत नवा दोरा ओवू लागली. दोरा काही ओवला जाईना, तेव्हा तिनं ती सुई मास्तरांपुढे धरली.